गिब्सनने आपल्या बास गिटारींमध्ये काय बदलावं?

गिब्सन म्हटलं की लेस पॉल आणि एसजी या दोन गिटारी आठवतात. 1902 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅलमझू गावात सुरू झालेली आणि आज नॅशव्हिलमधून चालणारी ही कंपनी इलेक्ट्रिक गिटारीत जगातल्या पहिल्या दोन नावांपैकी एक आहे. बासचा विषय निघाला की मात्र चित्र पालटतं. स्टुडिओत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, चर्चमध्ये, कॉलेजच्या बँडमध्ये, कुठेही बास वाजवणाऱ्याच्या गळ्यात बघा. बहुतेक वेळा फेंडर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचा बास दिसेल, नाहीतर फेंडरच्या आराखड्यावर बेतलेलं काहीतरी.

खरं तर गिब्सनने उशीर केला नव्हता. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात प्रिसिजन बास बाजारात आणला 1951 मध्ये. गिब्सनचा पहिला इलेक्ट्रिक बास 1953 मध्येच आला होता. व्हायोलिनच्या आकाराचा, खालून एक दांडी बाहेर ओढता यायची, म्हणजे उभ्या डबल बासची सवय असलेल्या वादकाला तो उभा धरूनही वाजवता यावा. कल्पना छान होती. जर्मनीच्या हॉफ्नर कंपनीचा व्हायोलिन बास त्यानंतर, 1956 मध्ये आला, आणि पॉल मॅकार्टनी यांच्या हाती पडून जगभर गेला. गिब्सनचा बास मात्र 1958 मध्ये बंद झाला.

त्यानंतरच्या सत्तर वर्षांत गिब्सनने बासची डझनभर मॉडेलं काढली आणि त्यातली बरीचशी सोडून दिली. यामागे मला एकच कारण दिसतं. या कंपनीने बासकडे नेहमी जाड तारा लावलेली गिटार म्हणून पाहिलं. लाकूड, नेकचा म्हणजे मानेचा कोन, हेडस्टॉक (मानेच्या टोकाचा, तारा पिळायच्या ट्यूनरचा भाग), पिकअपची (तारेच्या थरथरीची वीज करणाऱ्या भागाची) जागा, सगळं गिटारीवरून उचललं. बास हे वेगळं वाद्य आहे, त्याचं बल वेगळं, वजन वेगळं, आवाजाचं गणित वेगळं. ते गणित समजून घेतलं की काय बदलायला हवं हे आपोआप दिसू लागतं.

आधी बासचं काम काय ते पाहू. साध्या बासला चार तारा असतात: इ, ए, डी, जी. गिटारीच्या खालच्या चार तारांचेच हे सूर, पण एक सप्तक खाली. सगळ्यात खालची इ तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. ढोलकी-ड्रमचा ठेका आणि गायकाचा सूर यांना बांधून ठेवायचं काम बासचं. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी वाजवलेला बास आपण सगळ्यांनी हजारदा ऐकलाय. त्यांचं नाव बहुतेकांना माहीत नसतं, पण तो बास काढून घेतला तर गाणं पोकळ वाटेल.

तार आखूड, सूर तोच

गिब्सनच्या जुन्या इबी-0 आणि इबी-3 या बासांचं, आणि आजच्या एसजी बासचंही, स्केल 30.5 इंचांचं आहे. स्केल म्हणजे नटपासून (हेडस्टॉकजवळची, तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) तारेची मोकळी थरथरणारी लांबी. फेंडरने ती 34 इंच ठरवली आणि तेच प्रमाण जगाने मानलं. 30 इंचांच्या आसपासच्या बासला शॉर्ट स्केल म्हणतात.

साडेतीन इंचांनी काय फरक पडतो? बराच. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि जाडी, म्हणजे दर इंचाला किती वजन. तीच तार घेऊन लांबी कमी केली आणि सूर तोच ठेवायचा असेल तर ताण कमी करावा लागतो, आणि तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. 30.5 भागिले 34 हे उत्तर सुमारे 0.9 येतं. त्याचा वर्ग केला की 0.8. म्हणजे शॉर्ट स्केल बासवर तीच तार जवळजवळ 20 टक्के सैल असते.

या सैलपणाचे फायदे आहेत. तार बोटांखाली मऊ लागते, फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, जवळजवळ असतात, डावा हात कमी ताणावा लागतो. लहान चणीच्या वादकाला, किशोरवयीन मुलांना, गिटार सोडून बासकडे वळणाऱ्यांना हे फार सोयीचं. आवाजही गोलसर, भरीव येतो. क्रीम बँडचे जॅक ब्रूस आणि फ्री बँडचे अँडी फ्रेझर यांनी इबी-3 वर जे वाजवलं त्यात या मऊ तारांचा वाटा मोठा आहे. जॅक ब्रूस तार खेचून सूर चढवायचे, गिटारवादकासारखे. 34 इंचांवर ते इतक्या सहज जमत नाही.

तोटा असा की सैल तार जोरात छेडली तर फ्रेटवर आपटते आणि सूर क्षणभर वर जाऊन मग खाली स्थिरावतो. यावर सोपा उपाय म्हणजे जाड तार. ताण पुन्हा 34 इंचांइतका हवा असेल तर तारेचं वजन सुमारे 24 टक्क्यांनी वाढवावं लागेल, म्हणजे जाडी साधारण 11 टक्क्यांनी. 105 नंबरच्या (म्हणजे 0.105 इंच जाडीच्या) तारेच्या जागी 117 च्या आसपासची तार. पण जाड आणि आखूड तार ताठ असते. ती आदर्श तारेसारखी न वाकता थोडी सळईसारखी वागते, आणि मग तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे वरचे स्वर, जिथे यायला हवेत त्याहून किंचित वर सरकतात. कानाला हे बेसूर म्हणून कळत नाही, तर 'बद्द' म्हणून कळतं. सूर नेमका कोणता ते पटकन उमगत नाही. शॉर्ट स्केलवर इ तारेबद्दल जी तक्रार नेहमी ऐकू येते तिचं मूळ इथे आहे.

म्हणून गिब्सनने पहिलं काम तारांचं करावं. बारीक गाभा आणि त्यावर जास्त वेटोळी अशी तार जाड असूनही लवचिक राहते. ब्रिजवर टेकते तिथे तार निमुळती करण्याची पद्धतही जुनीच आहे. आपल्याच 30.5 इंचांसाठी अशा तारांचा एक संच ठरवून, तो लावूनच बास कारखान्यातून बाहेर पाठवावा. वेगळी विकायलाही ठेवावी. हे काही महागडं संशोधन नाही. पण दुकानात बास उचलून पहिली दोन मिनिटं वाजवणाऱ्याचं मत तिथल्या तिथे बदलेल.

शॉर्ट स्केल ही गिब्सनची कमजोरी आहे असं गेली कित्येक वर्षं मानलं गेलं. मला उलट वाटतं. फेंडरचा 34 इंची बास फेंडरपेक्षा चांगला करून विकणं अवघड आहे, तिथे गर्दीही भयंकर आहे. आखूड स्केलमध्ये मात्र गिब्सनकडे 1953 पासूनचा वारसा आहे. फेंडरचा शॉर्ट स्केल मस्टँग बास आला तो 1966 मध्ये. ही जमीन गिब्सनची आहे, तिने ती कसायला हवी.

चिखल कुठून येतो

इबी-0 वर एकच पिकअप होता, भलामोठा, फिंगरबोर्ड (मानेवरची, बोटं दाबायची फळी) संपतो तिथे अगदी चिकटून बसवलेला. इबी-3 वर तोच मोठा पिकअप आणि शिवाय ब्रिजजवळ एक छोटा. या मोठ्या पिकअपला वादकांनी 'मडबकर' असं टोपणनाव दिलं. मड म्हणजे चिखल. नाव उगाच पडलेलं नाही.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वरची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज निर्माण होते. यात दोन गोष्टी आवाज ठरवतात. पहिली जागा. तार मध्याकडे जास्त झुलते, ब्रिजकडे कमी. त्यामुळे नेकजवळच्या पिकअपला मूळ स्वर भरपूर मिळतो आणि उपस्वर त्या मानाने कमी. ब्रिजकडे सरकावं तसा मूळ स्वर कमी आणि उपस्वर जास्त. शिवाय तारेच्या लांबीच्या बरोबर एक चतुर्थांशावर पिकअप आला तर मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर त्याला जवळपास दिसतच नाही, कारण तारेचा तो बिंदू त्या उपस्वरासाठी स्थिर असतो. दुसरी गोष्ट गुंडाळी. जितके वेढे जास्त तितका आवाज मोठा, पण वरच्या पट्टीतली चमक तितकीच मरते. मडबकरचा रोध सुमारे 30 किलो-ओम असायचा, प्रिसिजनच्या पिकअपचा 10-11 च्या आसपास. म्हणजे वेढेही जास्त आणि जागाही नेकला चिकटून. दोन्हीकडून चमक कापली गेली.

मोठ्या ॲम्प्लिफायरवर, मंचावर, हा आवाज छातीत घुमतो आणि फार सुंदर वाटतो. आजचा श्रोता मात्र गाणं फोनवर ऐकतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून 41 हर्ट्झ बाहेर पडणं शक्यच नाही. तरी आपल्याला बास ऐकू येतो, कारण 82, 124, 165 असे उपस्वर कानावर पडले की मेंदू त्यांवरून खालचा हरवलेला मूळ स्वर स्वतः भरून काढतो. उपस्वरच नसतील तर मेंदू काय भरून काढणार? मडबकरवर वाजवलेला बास फोनवर गायब होतो, आणि ध्वनिमुद्रकाला मग नाना युक्त्या कराव्या लागतात.

ब्रिजजवळचा पिकअप वाढवून हे सुटतं का? थोडंफार. पण दोन पिकअपमध्ये ताकदीचा इतका फरक असला की मोठा छोट्याला गिळतो. उपाय म्हणजे मोठ्या पिकअपचे वेढे कमी करणं, तो नेकपासून थोडा ब्रिजकडे सरकवणं, आणि एक असा स्विच देणं ज्याने त्याच्या दोन गुंडाळ्या एकामागोमाग न जोडता समांतर जोडल्या जातील. समांतर जोडणीत आवाज थोडा खाली येतो, पण चमक परत येते. जुना आवाज हवा असेल त्याने स्विच पूर्वीच्या जागी ठेवावा. कुणाचं काही जात नाही.

थंडरबर्ड आणि खाली जाणारी मान

आता गिब्सनच्या सगळ्यात देखण्या बासकडे येऊ. 1963 मध्ये कंपनीने रे डायट्रिक या मोटारींच्या बॉडी रेखाटणाऱ्या डिझायनरकडून फायरबर्ड गिटार आणि थंडरबर्ड बास आखून घेतले. थंडरबर्ड हा गिब्सनचा पहिला 34 इंची बास. नेकचं लाकूड बॉडीतून थेट शेवटपर्यंत जातं, बाजूचे पंख त्याला चिकटवलेले. यामुळे सूर लांबतो. द हू बँडचे जॉन एंटविसल, मॉटली क्रूचे निकी सिक्स, अशा कितीतरी वादकांनी तो गळ्यात घातला. रॉकमधला सर्वांत ओळखीचा आकार कोणता विचारलं तर मी हाच सांगेन. आवाजही मध्यम पट्टीत गुरगुरणारा, इतरांपेक्षा वेगळा.

पण तो गळ्यात अडकवून दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक सरळ जमिनीकडे जातो. वादक याला 'नेक डाइव्ह' म्हणतात.

कारण समजायला कावड आठवावी. खांदा दांडीच्या कुठल्या जागी आहे यावर दोन्ही टोकांचा तोल ठरतो. बासमध्ये खांद्याचं काम पट्ट्याची पुढची गुंडी करते. प्रिसिजन बासचं वरचं शिंग लांब पुढे आलेलं असतं, गुंडी त्याच्या टोकाला, म्हणजे साधारण बाराव्या फ्रेटच्या रेषेत. बारावा फ्रेट हा तारेचा मध्य, तेव्हा 34 इंची, म्हणजे 864 मिलिमीटरच्या तारेवर गुंडीपासून नटचं अंतर सुमारे 432 मिलिमीटर. थंडरबर्डचा आकार उलटा आहे. लांब शिंग खालच्या बाजूला, वरचा खांदा आखूड. अनेक थंडरबर्डवर तर गुंडी बॉडीच्या पाठीमागे, नेकच्या बुडाशी असते. समजा ती सतराव्या फ्रेटच्या रेषेत आहे. तर नटचं अंतर 540 मिलिमीटर होतं. तरफ चतुर्थांशाने लांबली. आणि त्या तरफेच्या टोकाला लांबलचक हेडस्टॉक आणि त्यावर चार जडशीळ ट्यूनर.

हा गैरसोयीचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. मान खाली जाते म्हणून वादक डाव्या हाताने ती उचलून धरतो. ज्या हाताने सूर दाबायचे तोच हात वजन पेलतो. अंगठा आवळला जातो, मनगट वाकतं, दोन तासांच्या कार्यक्रमानंतर पुढचा हात भरून येतो. बास विकत घेऊन वर्षभरात विकून टाकणाऱ्यांत ही तक्रार हमखास असते. काही जण खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा लावतात, तो खांद्यावर घसरत नाही. हा वाद्याच्या दोषावर कपड्यांना दिलेला ताण आहे, उपाय नव्हे.

उपाय दोन्ही टोकांना आहेत. हेडस्टॉकवर हलके ट्यूनर बसवायचे. बाजारात जुन्या ट्यूनरपेक्षा खूपच हलके ट्यूनर कधीपासून मिळतात. समजा प्रत्येकी 45 ग्रॅम वाचले, तर चार मिळून 180 ग्रॅम. आकडा छोटा वाटतो, पण गुंडीपासून 60-65 सेंटिमीटर लांब असलेले 180 ग्रॅम तोलायला बॉडीच्या बाजूला, गुंडीपासून 30 सेंटिमीटरवर, 360 ग्रॅमहून जास्त वजन ठेवावं लागलं असतं. म्हणजे हलका ट्यूनर दुहेरी फायद्याचा: मानही वर येते आणि बास एकूण हलकाही होतो. दुसरं म्हणजे गुंडीची जागा. वरच्या खांद्याच्या टोकाशी ती न्यावी आणि त्या खांद्याची रेषा पुढे दोन-तीन सेंटिमीटर वाढवावी. गिब्सनने स्वतः 1965 मध्ये आकार सुलटा करून 'नॉन-रिव्हर्स' थंडरबर्ड काढला होता, तेव्हा आकार हात लावू नये इतका पवित्र आहे हे म्हणणं टिकत नाही. छायाचित्रात फरक कळणारही नाही, पण गळ्यात लगेच कळेल.

एसजी बासचीही हीच कथा, कमी प्रमाणात. पातळ महोगनीची हलकी बॉडी, पुढे मान. तिथे फक्त ट्यूनर बदलले तरी बरंच काम होईल.

मोडणारी जागा

गिब्सनच्या वाद्याचा हेडस्टॉक मोडतो, हे गिटार दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा. फेंडरचा हेडस्टॉक नेकशी जवळजवळ समांतर असतो. गिब्सनचा मागे झुकलेला, परंपरेने 17 अंशांत. झुकल्यामुळे तार नटवर घट्ट बसते, हा त्याचा फायदा. पण नेक आणि हेडस्टॉक एकाच फळीतून कापले की लाकडाचे तंतू नेकमध्ये लांबीला सरळ धावतात आणि वळणावर मात्र तिरके तुटतात. त्याच ठिकाणी, नटच्या मागे, ट्रस रॉड फिरवण्यासाठी खोबण कोरलेली असते. नेक सरळ ठेवणारा हा बदलता येणारा लोखंडी गज ही गिब्सनचीच 1920 च्या दशकातली देणगी, आणि मोठी देणगी. पण तिची किल्ली जिथे लागते तिथेच लाकूड सर्वांत कमी उरतं.

बासवर हे जास्त जोखमीचं. चार तारांचा एकूण ताण साधारण 70 ते 80 किलो. हेडस्टॉक लांब, ट्यूनर जड. बास स्टँडवरून पाठीवर कलंडला तर बॉडी जमिनीला टेकून थांबते, पण ट्यूनरचं वजन पुढे जातच राहतं आणि सगळा झटका त्या पातळ वळणावर येतो. हेडस्टॉक जमिनीला लागलाच पाहिजे असं नाही. मऊ केसमध्ये ठेवलेला बास पडूनही मान मोडते ती यामुळे.

कंपनीला याचं उत्तर माहीत नाही असं नाही. 1970 च्या दशकात तिने नटच्या मागे लाकडाचा उंचवटा ठेवायला सुरुवात केली होती, पुढे 1980 च्या दशकात तो काढून टाकला, कारण गिराइकांना 1950 च्या दशकातल्या वाद्यांसारखं रूप हवं होतं. गिटारीच्या बाबतीत ही भावना मी समजू शकतो. तिथे एकेका रेषेवर लोकांचा जीव आहे. बासबद्दल असा आग्रह धरणारे फार थोडे. मग उंचवटा परत आणावा, कोन कमी करावा, ट्रस रॉडची किल्ली बॉडीच्या टोकाला न्यावी. म्युझिक मॅनच्या स्टिंगरे बासवर तिथे छोटं चाक असतं, खिळा घालून फिरवलं की झालं. तारासुद्धा काढाव्या लागत नाहीत.

तीन स्क्रूंचा ब्रिज

1970 च्या दशकापासून गिब्सनच्या बासांवर तीन खांबांवर बसणारा एक ब्रिज दिसतो. तो जवळून पाहण्यासारखा आहे. दोन खांब पुढे, एक मागे. खांब वर-खाली केले की सगळा ब्रिज वर-खाली होतो किंवा कलतो. इथेच गोची आहे. चार तारांची उंची वेगवेगळी बदलता येत नाही. डी तार थोडी खाली हवी आणि ए तार आहे तिथेच, अशी इच्छा पुरी होत नाही. फिंगरबोर्ड किंचित गोलाकार असतो आणि तारांनी त्या गोलाईला धरून बसायला हवं. ती ब्रिजमध्ये आधीच कोरलेली. ती तुमच्या नेकशी जुळली तर उत्तम, नाही तर कानस घेऊन बसा. मागचा खांब चढवावा तर पुढचे दोन ढिले पडल्यासारखे होतात, तार सोडली की ब्रिज जागेवरून निघूनही येतो.

साध्या फेंडरच्या ब्रिजवर वाकवलेला पत्रा आणि चार खोगिरं (तार टेकते त्या छोट्या बैठका), प्रत्येकाला उंचीचे दोन छोटे स्क्रू. शंभर रुपयांची ॲलन की पुरते. गिब्सनच्या त्याच तीन खांबांवर बसेल आणि तरी प्रत्येक तार वेगळी सोडवता येईल असा ब्रिज हिपशॉट ही कंपनी वर्षानुवर्षं विकते आहे. गिब्सनचा बास घेतल्यावर पहिली दुरुस्ती म्हणून लोक तो मागवतात. आपल्या वाद्याचा दोष दुसऱ्या कंपनीचा धंदा चालवतो आहे हे कळल्यावर तरी तसा ब्रिज कारखान्यातच बसवायला हवा.

पाचवी तार

आजच्या गॉस्पेल, मेटल आणि पॉपच्या बासवादकाला खाली बी ची तार लागते, 31 हर्ट्झच्या आसपासची. गिब्सनने पाच तारांचे बास काढले, पण टिकवले नाहीत. इथे मला वाटतं थंडरबर्डला पाचवी तार जोडून काम भागणार नाही. हेडस्टॉकवर पाचवा ट्यूनर म्हणजे मान आणखी खाली. ही तार नीट बोलायला 35 इंचांचं स्केल बरं पडतं, म्हणजे तरफ आणखी लांब.

पण स्टाइनबर्गर हे नाव गिब्सनकडे 1980 च्या दशकापासून आहे. नेड स्टाइनबर्गर यांनी हेडस्टॉकच नसलेला बास घडवला होता, ट्यूनर बॉडीच्या टोकाला. नेक डाइव्हचा प्रश्न मुळातूनच संपतो, मोडायला वळणच उरत नाही, आणि बास लहान पिशवीत मावतो. लोकलच्या गर्दीतून ठाण्याहून दादरला तालमीला जाणाऱ्याला विचारा याचं मोल. आज बिनहेडस्टॉकच्या गिटारी आणि बास पुन्हा जोरात आहेत आणि ज्या नावाने ही कल्पना रुजवली ते नाव गिब्सनच्या कपाटात आहे. पाच तारा तिथे आणाव्यात.

जे काढाल ते ठेवा

हे सगळे बदल केले आणि चार वर्षांत मॉडेल बंद केलं तर काही उपयोग नाही. आतापर्यंतची यादीच बघा: इबी-1, इबी-2, पहिला थंडरबर्ड 1969 मध्ये बंद, मग रिपर आणि ग्रॅबर 1973 मध्ये, ग्रॅबरवर पुढे-मागे सरकवता येणारा पिकअप, पुढे जी-3, मूग कंपनीच्या मदतीने घडवलेली इलेक्ट्रॉनिक्स असलेला आरडी, व्हिक्टरी, अनेक लेस पॉल बास. कल्पनांचा तुटवडा कधीच नव्हता. सरकता पिकअप तर मला आजही विलक्षण वाटतो, एका पिकअपमध्ये दोन बास. पण प्रिसिजन 1951 पासून आणि जाझ बास 1960 पासून अखंड बनतो आहे. त्यामुळे त्याचा पिकअप, ब्रिज, पिकगार्ड, केस जगात कुठेही मिळतं, शिकवणाऱ्यालाही तोच माहीत असतो, जुना विकायला काढला तर किंमत येते. गिब्सनचा बास घेणाऱ्याला यातलं काहीच गृहीत धरता येत नाही.

टिकवलं तर काय होतं याचा पुरावा घरातच आहे. गिब्सनच्याच एपिफोन या स्वस्त शाखेने 1997 मध्ये जॅक कॅसडी या बासवादकाच्या नावाचा बास आणला. अर्धपोकळ बॉडी, 34 इंच, एकच पिकअप, तोही कमी रोधाचा, आणि तीन जागांचा स्विच. कॅसडी यांनी पिकअपच्या रचनेत स्वतः लक्ष घातलं होतं. गाजावाजा फारसा नाही, पण तो बास बंद पडला नाही. वर्षानुवर्षं लोक तो घेतात, एकमेकांना सुचवतात, त्याच्या आवाजाची ओळख तयार झाली आहे. एका वादकाचं ऐकून, एक प्रश्न नीट सोडवून, मग ते मॉडेल हलवायचं नाही. गिब्सनच्या नावाखालीही हेच करता येईल: एक शॉर्ट स्केल, एक तोल सुधारलेला थंडरबर्ड, एक पाच तारांचा स्टाइनबर्गर. तीनच, पण वीस वर्षं.

आणि जे बदल नॅशव्हिलच्या महागड्या बासवर होतील ते एपिफोनवर त्याच वर्षी यावेत. आपल्याकडचा बहुतेक विद्यार्थी एपिफोनच घेऊ शकतो. गिब्सनचा बास लाखाच्या वर जातो आणि परदेशातून मागवलेल्या ब्रिजवर किंवा ट्यूनरवर सीमाशुल्क वेगळं भरावं लागतं. अमेरिकेतला वादक दोष असलेला बास घेऊन महिन्याभरात सुटे भाग बदलून मोकळा होतो. पुण्यातल्या किंवा मडगावच्या मुलाला ते परवडत नाही, कारखान्यातून जे आलं त्यावरच तो शिकतो. शॉर्ट स्केलच्या तारासुद्धा इथल्या दुकानांत सहज मिळत नाहीत, 34 इंचांच्याच कापून लावाव्या लागतात, आणि जाड भाग ट्यूनरवर गुंडाळला की तार तिथेच तुटते. बासच्या खोक्यात तारांचा एक जादा संच टाकायला कंपनीला फारसं काही लागणार नाही. तेवढं तर उद्यापासूनही करता येईल.